वहिवाट

मुंबईच्या कोणत्याही नकाशावर मालाड पूर्वेचा भाग पाहिला तर वस्तीची दाटी जेथे संपते तेथून हिरवा रंग सुरू होतो. हा हिरवा रंग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि कागदोपत्री ते शासनाचे, म्हणजे आपणां सर्वांचे आहे. कुरार, आप्पापाडा, दिंडोशी ह्या भागांतल्या गच्च्यांवरून ते इतके जवळ दिसते की पावसाळ्यात टेकड्यांवरचे धुके घरात शिरेल असे वाटावे. तथापि ह्या रानात रीतसर पाऊल टाकायचे झाले तर मालाडकराला आधी स्टेशन गाठून बोरिवलीची गाडी पकडावी लागते आणि तेथे पूर्वेला उतरून उद्यानाच्या मुख्य दरवाजाशी तिकीट काढावे लागते. घराच्या मागे असलेल्या जागी पोचण्यासाठी दोन स्थानके पलीकडे जावे लागणे ही गोष्ट आम्हांला अनेक वर्षे केवळ गैरसोयीची वाटत असे. ती मालकीच्या प्रश्नाशी जोडलेली आहे हे पुढे हळूहळू ध्यानात येत गेले.

जमीन सार्वजनिक असणे आणि त्या जमिनीपर्यंत जाता येणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली सातबाऱ्यावर आणि राजपत्रात लिहिलेली असते. दुसरी बहुधा कोठेच लिहिलेली नसते. ती माणसांच्या पायांनी राखलेली असते आणि पाय थांबले की जाते. मराठीत ह्या दुसऱ्या गोष्टीसाठी एक सुरेख शब्द आहे : वहिवाट. त्याच्या व्युत्पत्तीचा निवाडा कोशकारांवर सोपवू. सामान्य मराठी कानाला मात्र त्यात ‘वाट’च ऐकू येते, रोज चालून पडलेली वाट. आणि तरीही खरेदीखतात हा शब्द येतो तो ‘कब्जा-वहिवाट’ ह्या जोडशब्दात. बडोदे संस्थानात तालुक्याच्या अधिकाऱ्याला वहिवाटदार म्हणत. चालण्याचा वास असलेला शब्द असा ताब्याच्या आणि कारभाराच्या घरी नांदायला गेला. प्रस्तुत लेखाचा विषय म्हटला तर ह्या शब्दाचाच प्रवास आहे.

आमच्या वस्तीच्या मागून टेकडीवर चढणारी एक वाट होती. ती उद्यानाच्या हद्दीला लागण्याआधी एका खाजगी जागेतून जात असे. जागेत जुने साग होते, आंब्याची काही झाडे होती आणि बाकी रान माजलेले. मालक कोण हे वस्तीत कोणालाही नक्की ठाऊक नव्हते आणि ते ठाऊक असण्याची गरजही कधी पडली नाही. पुढे जागेचा व्यवहार झाला, पत्रे लागले, पत्र्यांच्या जागी भिंत आली, भिंतीला फाटक आणि फाटकाशी पहारेकरी. रान होते तेथेच राहिले. मधले शंभरेक पावलांचे अंतर तेवढे बंद झाले.

ह्या वाटेने पाड्यावरची एक वृद्धा पावसाच्या तोंडाशी शेवळे घेऊन उतरत असे. मग कंटोळी, मग टाकळा. उन्हाळ्यात करवंदे आणि अधूनमधून डोक्यावर सुक्या लाकडांची मोळी. भिंत झाल्यानंतरच्या वर्षी तिची गाठ पडली ती बाजाराच्या दुसऱ्याच टोकाला. ‘मावशी, इकडे कुठे?’ असे विचारले तेव्हा म्हणाली, ‘वाट बांधली ना मास्तर. आता फिरून येते. येईस्तोवर बाजार उठतो.’ ‘वाट बंद झाली’ असे ती म्हणाली नाही. बांधली, म्हणाली. गुरू बांधावे तशी.

ह्या मावशींचे रानात जाणे कायद्याच्या दृष्टीने काय आहे ह्याविषयी भाबडेपणा नको. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलून आणणे हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ह्याच्या सत्ताविसाव्या कलमात अभयारण्यात कोणी जावे ह्याची यादी आहे आणि ती राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. ही यादी आमच्या मते साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही वाचण्याजोगी आहे. कर्तव्यावर असलेला लोकसेवक जाऊ शकतो. परवानगी मिळालेला जाऊ शकतो. आत ज्याचा स्थावर मालमत्तेवर हक्क आहे तो जाऊ शकतो. सार्वजनिक हमरस्त्यावरून केवळ पार होणारा जाऊ शकतो. त्यांपैकी काहींवर अवलंबून असणारी माणसेही. ज्याच्यापाशी पद, परवाना, मालमत्ता वा हमरस्ता ह्यांपैकी काहीच नाही, ज्याच्यापाशी केवळ सवयीची पायवाट आहे, त्याला ह्या यादीत जागा नाही.

ह्या डोंगरांवर माणसाला मज्जाव होण्याची सुरुवात मात्र वन्यजीवांपासून झालेली नाही. ती पाण्यापासून झाली. मुंबईला पाणी पुरवण्यासाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये पुरा झाला, आणि भोवतालचे पाणलोट क्षेत्र शहराच्या राखणीखाली आले. वनखात्याचा अंमल त्याच सुमारास बसत होता. १८७८ च्या आणि त्यानंतर १९२७ च्या वन अधिनियमाने राखीव वनातला अनधिकृत प्रवेश गुन्हा ठरवला. १९२७ च्या कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने तर राखीव वनातील सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करण्याचा अधिकार वनाधिकाऱ्याला दिला. अट अशी की शासनाची पूर्वसंमती हवी आणि वाजवी सोयीची दुसरी वाट उपलब्ध असावी किंवा करून द्यावी. ह्या अटीत एक कबुली दडली आहे : वाट ही काही तरी असते, ती काढून घेतली तर बदल्यात काही द्यावे लागते. हे गाऱ्हाणे मराठीला नवे नाही. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगलखात्याने गायराने आणि डोंगर गिळल्याची तक्रार १८८३ मध्येच केली होती. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेरला जंगल सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या, त्याही रानात जाण्याच्या हक्कावरूनच.

ह्या सगळ्यात शिकाऱ्याचे स्थान विचित्र आहे. आज ‘शिकारी’ हा शब्द आपण निषेधाच्या सुरातच उच्चारतो, आणि ते रास्तही आहे. परंतु ज्या मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीने ह्या देशाला पक्षी ओळखायला शिकवले ती १८८३ मध्ये स्थापणाऱ्या आठ जणांच्या मंडळींत शिकारीचे शौकीन होते. सलीम अलींचा पक्षिशास्त्रातला प्रवेश झाला तो लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीमुळे. व्यंकटेश माडगूळकरांना शिकारीचा नाद होता आणि त्याच डोळ्यांनी पुढे ‘सत्तांतर’मधली वानरे पाहिली. रान वाचण्याची विद्या आपल्याकडे पुष्कळ अंशी शिकाऱ्याच्या पाठीमागून चालत आली. माग कसा काढावा, वारा कोणत्या अंगाने घ्यावा, पाणवठ्यावर किती वेळ निश्चल बसावे हे त्याला ठाऊक होते. आणि त्यालाही ते पुढे चालणाऱ्या वाटाड्याने शिकवलेले असे. वाटाडा बहुधा वारली, कातकरी, गोंड किंवा कोरकू. साहेबाच्या खिशात परवाना असे. वाट वाटाड्याच्या पायांत असे. तोच वाटाडा साहेब नसताना सशासाठी फासे लावी तेव्हा त्याच कायद्यापुढे चोर ठरे.

१९७२ च्या कायद्याने शिकारीला वेसण घातली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यांची पद्धतही संपवली. वनहक्क मान्य करणाऱ्या २००६ च्या कायद्यानेही परंपरागत हक्कांच्या यादीतून शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. ह्याबद्दल आम्हांला खेद नाही. बिबट्या आणि भेकर ह्यांच्या जिवाचे मोल शौकापेक्षा निश्चित अधिक आहे. सांगायचे ते एवढेच की शिकारी गेला तेव्हा ‘मी ह्या रानात जाणार’ असे म्हणणारा एक दांडगा दावेदारही गेला. उरले ते मोळीवाले, भाजीवाल्या, निसर्गनिरीक्षक आणि आमच्यासारखे रिकामटेकडे मास्तर. ह्यांच्यापैकी कोणाची वाट अडवली तर कोर्टाची पायरी चढेल असा कोणी नाही.

जेथे शिकारी हा दावेदार अजून शिल्लक आहे तेथे काय घडते हे पाहण्यासाठी थोडे दूर, अमेरिकेत जाऊ. तेथील पश्चिम भागात एकोणिसाव्या शतकात रेल्वे कंपन्यांना मैलभर लांबीरुंदीचे चौकोन एकाआड एक असे बहाल केले गेले. त्यामुळे बुद्धिबळाच्या पटासारखी रचना झाली : पांढरी घरे खाजगी, काळी घरे सार्वजनिक. ऑरेगनच्या पश्चिमेला अशा पटावरची खाजगी घरे पुढे इमारती लाकडाच्या कंपन्यांकडे आली. कंपनीने आपल्या रस्त्यावर फाटक लावले की पलीकडचे सरकारी रान आपोआप बंद होते. वायव्येकडच्या काही लाकूड-कंपन्या तर शिकाऱ्यांना आत येण्याचे परवाने पैसे घेऊन विकतात. पटावरची काळी घरे एकमेकांना फक्त कोपऱ्याच्या बिंदूत स्पर्श करतात. तो बिंदू ओलांडणे हा अतिक्रमणाचा गुन्हा की नाही हे दीर्घकाळ अनिर्णित होते. केवळ ह्या कोपऱ्यांमुळे सुमारे ८३ लाख एकर सार्वजनिक जमीन अडकून पडल्याचे एका नकाशे बनवणाऱ्या कंपनीने २०२२ मध्ये मोजून दाखवले.

२०२१ साली चार शिकारी वायोमिंग राज्यात एल्क माउंटनपाशी अशा कोपऱ्यावर घडीची शिडी उभी करून एका सरकारी चौकोनातून दुसऱ्या सरकारी चौकोनात उतरले. खाजगी जमिनीला त्यांचा पाय लागला नाही. तिच्या वरच्या हवेतून देह मात्र गेला. मालकाने फिर्याद केली आणि जमिनीची किंमत घटल्याबद्दल ७० लाख डॉलरांहून अधिक नुकसानीचा दावा मांडला. फौजदारी खटल्यात ज्यूरीने २०२२ मध्ये शिकाऱ्यांना निर्दोष ठरवले. दिवाणी दावा वर जात राहिला. मार्च २०२५ मध्ये संघीय अपील न्यायालयाने १८८५ सालच्या, सार्वजनिक जमिनीला बेकायदा कुंपण घालण्यास मनाई करणाऱ्या कायद्याचा आधार घेऊन निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मालकाचे अपील ऐकण्यास नकार दिला. हवेतल्या एका पावलासाठी चार वर्षे गेली. परंतु ते पाऊल मान्य झाले.

इंग्लंडमध्ये ह्याच नाटकातल्या भूमिका उलट वाटलेल्या आढळतात. तेथे शिकारी हाच जमीनदार होता. पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेल्या माळांवर मँचेस्टर-शेफील्डकडच्या कामगारांना फिरायला बंदी होती. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो जण किंडर स्काउटच्या पठारावर जाणूनबुजून घुसले, आणि त्यांतल्या पाच जणांना तुरुंगवास झाला. मोकळ्या माळांवर चालण्याचा हक्क तेथे कायद्यात आला तो २००० साली. दोन्ही कथांत शिकारी आहे, एकीत कुंपणाबाहेर आणि दुसरीत आत. म्हणूनच हा प्रश्न शिकारीचा नाही असे आम्ही म्हणतो. फाटक कोणाच्या हातात आहे एवढाच तो प्रश्न आहे.

आता घरी परतू. कोपऱ्याच्या त्या बिंदूला समांतर अशी एक गोष्ट आपल्या कायद्यात आहे, आणि ती बांधावर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ह्याच्या १४३ व्या कलमान्वये शेताला वाट नसेल तर दुसऱ्यांच्या सर्व्हे नंबरांच्या हद्दीवरून, म्हणजे बांधावरून, जाण्याच्या हक्काचा निर्णय तहसीलदार देऊ शकतो. अडवलेली वाट मोकळी करण्यासाठी १९०६ चा मामलतदार न्यायालय अधिनियम आहे. १८८२ चा सुविधाधिकार अधिनियम तर वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या वाटेला हक्काचा दर्जा देतो. गरजेपोटीची वाटही मानतो. दोघांच्या हद्दीवरून, कोणाचे पीक न तुडवता, तिसऱ्याने जावे ही कल्पना आपल्या गावांना शिडीवाल्या शिकाऱ्यांच्या कितीतरी आधीपासून परिचित होती.

मात्र ह्या कायद्यांचे शब्द नीट वाचले तर एक अट दिसते. १४३ व्या कलमातली वाट ‘जमीन धारण करणाऱ्या’ माणसासाठी आहे. मामलतदाराचे न्यायालय शेतीच्या संदर्भात वाट मोकळी करते. सुविधाधिकार हा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असलेला हक्क आहे. पोचायला आपले शेत पाहिजे, तरच वाट मागता येते. ज्याला स्वतःच्या शेतात जायचे नसून सर्वांच्या रानात जायचे आहे, त्याने कोणाच्या नावाने अर्ज करावा? गावाच्या रूढीचा दाखला द्यावा तर गाव म्हणजे कोण, हे शहराने गिळलेल्या पाड्यावर सिद्ध करणे सोपे नाही. शब्दाचा प्रवास येथे स्पष्ट होतो : वहिवाट ताब्याच्या घरी गेली ती कायमची.

खाजगी वनांचा इतिहासही हेच सांगतो. महाराष्ट्रातील खाजगी वने १९७५ च्या अधिनियमाने शासनाकडे निहित झाली. मुंबईच्या उपनगरांतल्या अनेक जमिनींवर तोवर पन्नासच्या दशकातल्या जुन्या नोटिसा निघून नुसत्याच पडून राहिलेल्या होत्या आणि पुढे तेथे वसाहती उठल्या. ह्या जमिनी वन आहेत असे वनखात्याने म्हटल्यावर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये शासनाची बाजू मान्य केली, आणि ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज खटल्यात ती फिरवली : अर्धशतक पाठपुरावा न केलेल्या नोटिशीवरून जमीन वन ठरत नाही. सदनिका घेतलेल्या हजारो कुटुंबांना त्यातून दिलासा मिळाला, आणि त्यांनी घरे सद्भावनेने घेतली होती हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्याआधी, १९९७ मध्ये, राष्ट्रीय उद्यानातील अतिक्रमणे हटवण्याचा आदेश झाला होता आणि पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. कायदेशीर तपशील दोन्हीकडे वेगळे आहेत हे खरे. काळाने मात्र एकाचा ताबा पक्का केला आणि दुसऱ्याची वाटही पुसली, हे आमच्या गच्चीवरून दिसते.

येथे एक आक्षेप घेतला जाईल आणि तो घेतला जावा. रान टिकले ते दारे बंद झाली म्हणूनच. प्रत्येक गल्लीतून वाट असती तर त्या वाटेने आधी कुऱ्हाड, मग फासे आणि शेवटी झोपडी आली असती. वस्तीच्या कडेला बिबट्याही आहे. २००४ सालच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले हे मालाड-बोरिवलीकडचे लोक विसरलेले नाहीत. हा आक्षेप आम्ही हलका मानत नाही. रानाच्या आत काही भाग निखालस माणसाविना असावा हेही मान्य. परंतु आमच्या वस्तीमागची ती भिंत बिबट्यासाठी वा भेकरासाठी उभी राहिली नाही. ती भूखंडासाठी उभी राहिली, आणि तिच्या मागच्या इमारतींना रान दिसते ह्याची किंमत वेगळी लावली जाते. दृश्य विकत मिळते आणि वाट मिळत नाही. रानाचे रक्षण करायचे तर ते वनखात्याने रानाच्या हद्दीवर, सर्वांना सारख्या नियमाने करावे. वेळ ठरवावी, संख्या ठरवावी, तिकीट लावावे, सोबत पाड्यावरचा वाटाड्या द्यावा. हे काम एखाद्या खाजगी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे आपोआप जाणे हे संरक्षण नव्हे. आणि वाट म्हणजे ताबा नव्हे. चालणारा पुढे जातो, जागा होती तेथेच राहते.

साहित्याच्या वर्गात हा विषय का काढावा, असे एका सहकाऱ्यांनी आम्हांला विचारले. आम्ही मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ शिकवतो. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मधून वारल्यांची वेठबिगार आणि जंगलाच्या ठेकेदारांचा अंमल समजावून देतो. समोरची मुले बहुतेक मालाड, कांदिवली, दहिसरची. डोंगर त्यांना वर्गाच्या खिडकीतून दिसतो. तरीही ‘रानवाटा’ हा शब्द त्यांच्या लेखी दूरच्या विदर्भातला, पुस्तकातला असतो. पायांखाली ज्याचा अर्थ नाही असा शब्द उत्तरपत्रिकेत अचूक लिहिता येतो, वाचता येत नाही.

म्हणून गेली काही वर्षे आम्ही विद्यार्थ्यांना एक साधे काम देतो. घरातल्या किंवा वस्तीतल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारायचे : तुम्ही डोंगरावर कोठून जात होता? उत्तर कागदावर काढायचे. वाट कोणत्या झाडाशी वळे, ओढा कोठे लागे, वाटेला नाव काय होते. बाजूला एक रकाना ठेवायचा : आज तेथे काय आहे. ह्या रकान्यात गोदाम, मंदिर, संकुल, वाहनतळ, ‘माहीत नाही’ असे शब्द येतात. पहिल्या रकान्यात मात्र आमच्या शब्दकोशांत नसलेली नावे जमू लागली आहेत. न्यायालयात हा पुरावा टिकेल असा आमचा दावा नाही. पण शहराची विकास योजना पुन्हा आखली जाईल तेव्हा रस्ते, बागा आणि आरक्षणे ह्यांच्याबरोबर पायवाटाही नकाशावर काढा, असे म्हणण्यासाठी हाताशी काही तरी कागद असावा. वीस वर्षांच्या अखंड वापराची अट पुरी करणे आता कोणालाच शक्य नाही. नावे तरी अखंड राहोत.